खुलासा: आरएम केलेली फाइल इमेजमधून जात नाही

डॉकर हे साधन ॲप त्याला लागणाऱ्या फाइल्ससह ‘इमेज’ नावाच्या गठ्ठ्यात बांधतं; तो कसा बांधायचा याच्या सूचना डॉकरफाइलमध्ये असतात. ‘डॉकरफाइलमध्ये पासवर्डची फाइल कॉपी केली, पुढच्या ओळीत आरएम केली (म्हणजे पुसली), की इमेज स्वच्छ’ असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात. हे चूक आहे. इमेज म्हणजे एकावर एक रचलेले थर; कॉपीच्या ओळीचा थर वेगळा, आरएमच्या ओळीचा वेगळा. वरच्या थरातलं आरएम खालच्या थराला हातच लावत नाही. मूळ फाइल झाकणारी एक रिकामी खूणफाइल तेवढी ठेवतं. ‘डॉकर सेव्ह’ या आज्ञेने सगळे थर एका टार फाइलमध्ये (फाइल्सच्या गाठोड्यात) उतरवून ती उघडा, जुन्या थरात पासवर्ड जसाच्या तसा सापडेल. त्यासाठी कंटेनर (इमेजवरून चालू होणारं ॲप) चालवावाही लागत नाही! कंटेनरमधून फाइल बाहेर काढणाऱ्या ‘डॉकर सीपी’ने मात्र ती फाइल मिळत नाही, कारण तिथे सगळे थर एकत्र होऊनच दिसतात. गैरसमज बहुधा इथूनच आला असावा. गुपित बिल्डकिटच्या (डॉकरच्या इमेज बांधणाऱ्या भागाच्या) सीक्रेट माउंटने द्या, म्हणजे ते बांधणीपुरतंच दिसतं, थरात उरत नाही. इमेज आधीच रजिस्ट्रीत (इमेज ठेवायच्या सर्व्हरवर) गेली असेल, तर पासवर्ड आजच बदला.