होमोसिस्टीन वाढलं म्हणून स्टॅटिन बंद करू नका

‘हार्ट अटॅकचं खरं कारण कोलेस्टेरॉल नाही, होमोसिस्टीन आहे, बी-१२ आणि फॉलिक अ‍ॅसिड घ्या, स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) सोडा’ असा मेसेज कोल्हापुरातल्या ग्रुपांवर फिरतोय. त्यातलं अर्धंच खरं आहे, आणि शेवटचा सल्ला तर घातक.

होमोसिस्टीन हे रक्तातलं एक अमिनो आम्ल; ते साधारण ५ ते १५ मायक्रोमोल प्रति लिटर असतं. ते वाढलेल्यांत हृदयविकार आणि पक्षाघात जास्त दिसतात, हे खरं. पण २००६ च्या ‘होप-२’ चाचणीत साडेपाच हजार रुग्णांपैकी निम्म्यांना याच जीवनसत्त्वांच्या (सोबत बी-६) आणि निम्म्यांना औषध नसलेल्या दिखाऊ गोळ्या दिल्या. होमोसिस्टीन उतरलं, हार्ट अटॅक काही कमी झाले नाहीत. पक्षाघात थोडे घटले, एवढंच.

आकडा जास्त आला तर आधी नमुना कसा घेतला ते विचारा. रक्त बर्फात न ठेवता तासभर तसंच राहिलं, तर तांबड्या पेशींतून होमोसिस्टीन बाहेर पडतं आणि रिपोर्ट खोटा चढतो. मग बी-१२, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), थायरॉईड तपासा. पांढरा रस्सा ओरपणाऱ्यालाही मधुमेहाच्या मेटफॉर्मिन गोळीमुळे बी-१२ कमी पडू शकतं. नुसतं फॉलिक अ‍ॅसिड मात्र घेऊ नका: हिमोग्लोबिन सुधारतं, पण बी-१२ अभावी नसांची हानी आत चालूच राहते.

तरुणपणी आकडा १०० च्या पुढे असेल तर होमोसिस्टिन्युरिया या आनुवंशिक आजाराची तपासणी हवीच; त्यात उपचारांनी रक्ताच्या गुठळ्यांचा धोका खरोखर घटतो.