दरवर्षी येणारा धोंड्याचा महिना

आपल्याकडे धोंड्याचा महिना साधारण तीन वर्षांतून एकदा येतो. २०२३ ला अधिक श्रावण होता, जावयाला बोलवून अनारसे घातले, चांदीचं काहीतरी दिलं, विषय संपला. मोबाइल कंपनीचा धोंड्याचा महिना मात्र दरवर्षी येतो, आणि त्यात जावई कंपनी असते, अनारसे आपण तळायचे. हिशोब अगदी तिसरीतला आहे, पॅक २८ दिवसांचा, तेरा वेळा २८ म्हणजे ३६४, म्हणजे वर्षात १२ नाही तर १३ रिचार्ज. उरलेला एक दिवस कंपनीने मोठ्या मनाने आपल्याला सोडलाय.

हे माझ्या लक्षात आलं कारण मी बँकेत ३१ वर्षं काढली आणि आता सोसायटीचा खजिनदार आहे (कोणी दुसरं तयार नव्हतं). ठाण्यात घोडबंदर रोडला, मानपाड्याच्या पुढे. खजिनदाराला एक वाईट खोड लागते, कुठलाही आकडा दिसला की तो खालून वर बेरीज करून बघतो. बायको म्हणते, "अहो, तीनशे रुपयांसाठी किती रक्त आटवाल?" प्रश्न तीनशेचा नाही हो, पण हे तिला समजवायला हॉलमध्ये बसून बोलावं लागतं आणि तेवढ्यात कुणाचा फोन आला तर मला उठून मागच्या गॅलरीत पळावं लागतं, कारण आमच्या घरात रेंज फक्त वॉशिंग मशीनच्या वर आहे. बाजूला नाही, वर. मशीन स्पिनवर असेल तर ओटीपी सुद्धा हलत हलत येतो.

आता खरी गंमत. याच कंपनीचा टॉवर आमच्याच गच्चीवर आहे!

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. एकदा मेंटेनन्सवाला मुलगा आला होता, त्याला धरलं. तो म्हणाला काका, अँटेना लांब फेकतो, समोर, थेट खाली येत नाही. म्हणजे भाडं आम्हाला, जनरेटरचा आवाज आम्हाला आणि फुल रेंज येऊरच्या जंगलातल्या बिबट्याला.

तक्रार केली. ॲपमधल्या बॉटने तीनदा नमस्कार केला आणि चौथ्यांदा मलाच विचारलं की मी कशी मदत करू. कस्टमर केअरवाल्या मुलीने फोन बंद करून चालू करायला सांगितला, सिम काढून पुसायला सांगितलं, मी पुसलं, शर्टाला पुसलं, तिने विचारलं आता कसं वाटतंय, जसं काही मला ताप होता. मग तक्रार क्रमांक मिळाला, दोन दिवसांनी 'तक्रार निकाली' असा मेसेज आला, तोही वॉशिंग मशीनवर. तिथे न थांबता मी नियम वाचायला घेतले. नियम चांगले आहेत हां, उगाच नावं ठेवायची नाहीत. २०१२ पासून असं आहे की कंपनीच्या तक्रार केंद्राने समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील विभागाकडे जायचं, आणि त्यांनी ३९ दिवसांत निकाल द्यायचा. मी दोनदा वाचलं. पॅक २८ दिवसांचा, निकाल ३९ दिवसांत. म्हणजे अपिलाचा निकाल ऐकायला मध्ये एक रिचार्ज मारावा लागणार.

आणि थेट ट्रायला, म्हणजे फोन कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाला, कळवावं म्हटलं तर ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत बसत नाही, ते त्यांचं कामच नाही, १९९७ ला नियामक म्हणून नेमलं ते सगळ्या बाजाराकडे बघायला. दर किती ठेवायचे हे सुद्धा बहुतेक कंपन्यांवरच सोडलंय, कंपनीने नवा प्लॅन आणला की तो फक्त ट्रायला कळवायचा. २०१८ ला ट्रायने एक प्रयत्न केला, ज्याचा बाजारातला वाटा ३० टक्क्यांच्या वर आहे त्याने दुसऱ्याला बुडवण्यासाठी तोट्यात दर लावले तर दंड, असं काहीतरी, पण त्याच वर्षी डिसेंबरात टीडीसॅटने, म्हणजे टेलिकॉमचे तंटे सोडवणाऱ्या न्यायाधिकरणाने, ते बाजूला सारलं. चालायचंच. पुढे बुडायचे ते बुडाले आणि उरलेल्यांनी जुलै २०२४ ला दर वाढवले, तिन्ही खासगी कंपन्यांनी, एका दिवसाच्या अंतराने. आमच्या सोसायटीत तीन माणसांचं एका तारखेवर एकमत व्हायला दोन मीटिंगा आणि वडापाव लागतात, यांचं कसं होतं कोण जाणे.

ट्रायने काहीच केलं नाही असं मात्र मी म्हणणार नाही. जानेवारी २०२२ ला सांगितलं की निदान एक तरी प्लॅन ३० दिवसांचा ठेवा. ठेवलाय. ॲपमध्ये खाली, खाली, अजून खाली, फराळाच्या डब्यात तळाशी चिरोट्याचा चुरा असतो ना, तिथे. आणि डिसेंबर २०२४ ला फक्त कॉल आणि एसएमएसचा पॅक द्या असं सांगितलं, कारण आमच्या चिपळूणच्या आईसारखी माणसं बटणाच्या फोनवर रोजच्या दीड जीबीचे पैसे भरत होती. तिला मी सांगितलं होतं की आई, तुझा डेटा रोज फुकट जातो. ती म्हणाली मग शेजारच्या पोराला डब्यातून दे ना थोडा.

तर आर्थिक परिस्थिती. कंपनीची, माझी नाही. गेली काही वर्षं मी पेपरात टेलिकॉमवाल्यांचं रडगाणं वाचतोय. एजीआरची भानगड आठवत असेल (एजीआर म्हणजे कंपनीचं ते उत्पन्न ज्यावर सरकारची फी ठरते), सरकार म्हणालं तुमच्या सगळ्या उत्पन्नावर आमचा वाटा, कंपन्या म्हणाल्या फक्त फोनच्या धंद्याच्या उत्पन्नावर, आणि ऑक्टोबर २०१९ ला सुप्रीम कोर्टाने सरकारचं म्हणणं धरलं, म्हणजे ठेवीवरचं व्याज आलं, लाभांश आला, भंगार विकलं तर ते पण आलं. सगळं मिळून थकबाकी संसदेत सांगितली ती १ लाख ४७ हजार कोटी, आणि त्यातल्या कितीतरी कंपन्या तोवर गाशा गुंडाळून गेलेल्या. भंगाराचं ऐकून मला जरा कंपन्यांची दया आली होती, खरं सांगतो. गेल्या एजीएमला जुने पाइप विकून आलेले ४,३०० रुपये कुठल्या खात्यात दाखवले यावर दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी मला पाऊण तास उभं केलं होतं.

पण ही दया मार्चमध्ये संपली. त्या आठवड्यात माझ्याकडे तीन कागद आले. एक पेपरातली बातमी, आमच्या कंपनीचा नफा वाढला, प्रत्येक ग्राहकामागचं उत्पन्नही वाढलं. दोन, मला मेसेज, सेवा आणखी उत्तम देण्यासाठी माझा प्लॅन 'सुधारित' केलाय. तीन, सोसायटीला पत्र. टॉवरचा करार नवीन करायचाय, पण क्षेत्रावर प्रचंड आर्थिक ताण असल्याने भाडं कमी करावं. शेअरवाल्यांसमोर पैलवान, माझ्यासमोर पुरोहित आणि सोसायटीसमोर आजारी. एकाच आठवड्यात!

मी तिन्ही कागद कमिटीपुढे ठेवले. सेक्रेटरी म्हणाले कमी करून टाकू, टॉवर गेला तर लिफ्टचा खर्च कुठून काढायचा. अध्यक्ष म्हणाले टॉवर गेला तर तुमच्या घरातली रेंज जाईल. मी म्हटलं साहेब, नसलेली कशी जाईल? शेवटी उत्तर लिहायचं काम माझ्या गळ्यात. मी लिहिलं, आपला ताण आम्ही समजू शकतो, त्यामुळे भाड्याचा आकडा आहे तोच ठेवतो, एक रुपया वाढवत नाही, फक्त आपल्याच पद्धतीला मान देऊन यापुढे ते दर २८ दिवसांनी घेऊ. वर्षाला तेरा चेक. अध्यक्षांनी चष्मा काढून विचारलं, "हे चालतं का कायद्याने?" मी म्हटलं चालतं बहुतेक, मी स्वतः भरतोय की इतकी वर्षं.

माझ्या रेंजच्या अपिलाला तेव्हा एकतिसावा दिवस चालू होता, मधला रिचार्ज मारून झाला होता. या पत्राचं उत्तर मात्र चौथ्या दिवशी आलं, स्पीड पोस्टने, लेटरहेडवर, सही-शिक्क्यासकट. आपली मागणी मान्य करता येत नाही, कारण व्यवहारात महिना म्हणजे कॅलेंडरचा पूर्ण महिना, ३० किंवा ३१ दिवसांचा.

गोखले रोडला जाऊन लॅमिनेट करून आणलंय. वॉशिंग मशीनच्या वर लावलंय.