पाचवा माणूस

म्युनिकमध्ये गुरुवारी दुपारच्या जेवणानंतर आमच्या टीममध्ये माणसं कमी पडायला लागतात. प्रोजेक्टला नव्हे, तिकिटाला.

बायर्न तिकीट नावाची एक चीज आहे. ते काढायचं आणि बव्हेरियातल्या, म्हणजे म्युनिक ज्या जर्मन राज्यात आहे तिथल्या, सगळ्या साध्या गाड्यांतून दिवसभर मनसोक्त हिंडायचं. एकट्याने काढलं तर अंगावर येतं, पण पुढच्या प्रत्येक डोक्यामागे थोडेसेच युरो वाढतात. मर्यादा पाच जणांची. त्यामुळे पाचवा सापडला की माणशी खर्च इतका खाली येतो की घरी बसणं परवडत नाही. आम्ही मुळात चार. म्हणून गुरुवारी पाचव्याचा शोध सुरू होतो. टेस्टिंगवाल्यांकडे विचारणा होते, दुसऱ्या मजल्यावरच्या नव्या पोराला अचानक कॉफी पाजली जाते. पाचव्याकडून अपेक्षा फार नसतात. सकाळी उठता यावं आणि स्वतःचं मत नसावं, एवढंच. दुर्दैवाने मत नसलेली माणसं सकाळी उठत नाहीत.

या तिकिटाची खरी गंमत म्हणजे पाच नावं आणि तिकीट एकच. म्हणजे पाचही जणांनी दिवसभर एकत्र राहायचं. एकाला किल्ला बघायचाय, दुसऱ्याला तळ्याकाठी आडवं व्हायचंय, तिसऱ्याचे बूट चावतायत. कुणालाच एकट्याने परतता येत नाही. लग्नातसुद्धा दोघांनाच बांधतात.

शनिवारी-रविवारी हे तिकीट मध्यरात्रीपासून दुसऱ्या दिवशी पहाटे ३ पर्यंत चालतं. एकूण २७ तास. हा हिशोब ज्या दिवशी आमच्या टीमलीडना समजला, त्या दिवशी आमची सुट्टी संपली. ‘‘२७ तासांचे पैसे भरलेत, आणि तुम्ही १० वाजता निघायचं म्हणता?’’ साहेबांचा शनिवारचा एक्सेल ऑफिसच्या एक्सेलपेक्षा देखणा असतो. त्यात ‘फोटो’ असा वेगळा रकाना आहे. वेगवान आयसीई गाडीत हे तिकीट चालत नाही. ती शेजारच्या फलाटावरून निघून जाते, आम्ही तिच्याकडे आदराने बघतो आणि आपल्या थांबत थांबत जाणाऱ्या गाडीत बसतो.

नॉयश्वानस्टाइनचा किल्ला या यादीत अर्थातच पहिला. फ्यूसेनपर्यंत रेल्वेने २ तास, पुढे बस, मग अर्धा-पाऊण तास चढण. एवढं केल्यावर आत जायला तिकिटावर छापलेली ठरावीक वेळ, आणि गाइडबरोबरची फेरी साधारण अर्ध्या तासात आटपते. आत फोटो काढायला बंदी. म्हणजे फोटोचा रकाना रिकामा! तो भरायला मारीएनब्रुक या पुलावर जायचं. दरीवरच्या त्या अरुंद पुलावर उभं राहिलं की किल्ला कॅलेंडरमधल्यासारखा दिसतो, फक्त मध्ये चाळीसेक लोकांची डोकी असतात.

त्या किल्ल्याची कथा ऐकून लीडना मात्र खरं दुःख झालं. राजा लुडविग दुसरा याने १८६९ मध्ये बांधकाम काढलं आणि १८८६ मध्ये तो वारला. तोवर किल्ला पुरा झालाच नव्हता. सतरा वर्षं खर्च करून तो तिथे धड सहा महिनेही राहिला नाही. ‘‘काहीच वसूल नाही,’’ लीड पुटपुटले. राजा गेल्यावर सात आठवड्यांत किल्ला तिकीट लावून लोकांना खुला झाला, हे कळल्यावर त्यांना जरा बरं वाटलं. तिकीट लावणाऱ्याबद्दल त्यांना आजही आदर आहे.

मग रविवारी विश्रांती घ्या, असं कुणी म्हणेल. घ्यावीच लागते, कारण रविवारी दुकानं बंद. शनिवारी संध्याकाळी ८ ला जे बंद होतं ते सोमवारी सकाळी उघडतं. किराणा शनिवारीच भरायचा असतो, नेमका तेव्हा आपण कुठल्या तरी डोंगरावर पाचांत अडकलेले. रविवारी मशीन लावून कपडे धुवावेत, तर आवाजाबद्दल बिल्डिंगच्या नियमांची पाटी जिन्यातच लावलेली. उरतो घरचा व्हिडिओ कॉल.

‘‘अरे, युरोपात आहेस तर आयफेल टॉवर बघितलास ना?’’

‘‘मावशी, तो फ्रान्समध्ये.’’

‘‘मग जवळच की!’’

मावशीला जवळच. आम्ही जाणार बायर्न तिकीट जाईल तिथवर.

या तिकिटाचं टोक ऑस्ट्रियात आहे, हे आमच्या लीडना एप्रिलमध्ये कळलं. साल्झबुर्ग बव्हेरियात नाही, तरी तिथवर हे तिकीट चालतं. एका तिकिटात दोन देश! त्या शनिवारी पाचवा म्हणून दुसऱ्या मजल्यावरचा पोरगा आला. दिवसभर आम्ही मोझार्टचं पिवळं घर बाहेरून पाहिलं, किल्ला खालून पाहिला आणि दोन्हींचे फोटो काढले. परत निघताना लक्षात आलं की तिकीट लीडच्या मोबाइलमध्ये आहे आणि मोबाइल चार टक्क्यांवर आहे. पॉवर बँक पोराकडे होती, पण ती म्हणे रिकामी. फोटो बंद, बोलणंसुद्धा बंद. लीडनी मोबाइल दोन्ही तळव्यांत धरला होता. आम्ही त्यांच्या भोवती दाटीने बसलो, कुणी स्क्रीन चुकूनही पेटवू नये म्हणून एकमेकांवर नजर ठेवून.

सीमेलगतच्या फ्राइलासिंग स्टेशनला पोलिस चढले. लीडनी अभिमानाने मोबाइल पुढे केला. पोलिसांना पासपोर्ट हवे होते. या सीमेवर २०१५ पासून तपासणी चालते, हे आम्ही विसरलो नव्हतो. पासपोर्ट पाचही निघाले. पोलिस उतरले, गाडी हलली, मोबाइल तीन टक्क्यांवर आला.

रोझेनहाइम गेलं, तरी तिकीट तपासायला कुणी येईना. म्युनिकजवळ दोन टक्के उरले होते. ओस्टबानहोफ या म्युनिकमधल्याच अलीकडच्या स्टेशनला लीड उठून दारापर्यंत जाऊन आले. कुणीच नाही.

म्युनिकला आम्ही उतरलो तेव्हा एक टक्का शिल्लक होता. आम्ही चौघे सुटलो म्हणून हसत होतो. लीड मात्र फलाटावर उभे राहून रिकाम्या गाडीकडे रागाने बघत होते.

‘‘मग काढलं कशाला?’’