म्हैस विकली, आरएक्स घेतली

सकाळी पेट्रोल पंपावर रांगेत उभा होतो. पिशवीतून टू-टी ऑइलची (टू-स्ट्रोक गाडीच्या पेट्रोलमध्ये मिसळायच्या तेलाची) बाटली काढून झाकणाने मापून टाकीत ओतत होतो, तेवढ्यात शेजारच्या भल्यामोठ्या डिझेल गाडीची काच खाली आली. आतले गृहस्थ माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान असतील. म्हणाले, "काका, या वयात असली पोरांची गाडी? आणि धूर किती सोडते ही!" उत्तराची वाट न बघता काच वर. आत एसी चालू, गाडीत एकटा माणूस, आणि मागच्या सीटवर एक लॅपटॉपची बॅग.

तिथे काही बोललो नाही. मागे रांग होती, पंपावरचा पोरगा नळी धरून उभा होता. म्हणून इथे बोलतो. लांबेल, ज्यांना घाई आहे त्यांनी सरळ खाली सरकावं.

आधी गाडी कोणती ते सांगतो. यामाहा आरएक्स 135, फाइव्ह स्पीड, 2003 ची. आरएक्स 100 नव्हे. ती 1985 ते 1996 मध्ये निघाली, आणि तिचे आजचे भाव माझ्या पेन्शनीत बसत नाहीत. माझ्या गाडीची साखळीची मागची चाकी दोन-तीन दातांनी मोठी करून घेतलीय, दोन्हीकडे चिखलात पकड घेणारे जाड गुट्ट्यांचे बटन टायर आहेत, हँडल थोडं रुंद आहे. इंजिनला हात लावलेला नाही. सायलेन्सर कंपनीचाच. पंधरा वर्षं उलटल्यावरचं पासिंग झालंय, ग्रीन टॅक्स भरलाय, पीयूसी खिशात आहे. कुणाला बघायची असतील तर कागद घरी या आणि बघा, चहा पण मिळेल.

आता "पोरांची गाडी" याबद्दल.

मी पाटबंधारे खात्यात होतो हे इथल्या बहुतेकांना माहीत आहे. नोकरीची सुरुवातीची वर्षं धोमच्या डाव्या कालव्यावर गेली. कालव्याच्या कडेचा सर्व्हिस रोड म्हणजे उन्हाळ्यात फुफाटा आणि पावसाळ्यात काळा चिखल. आमच्याकडे राजदूत होती, 175 ची. मूळची पोलंडची रचना, पण कुणी तिला परदेशी म्हटलं असतं तर आमच्या चौकीदाराला हसू आवरलं नसतं. त्या गाडीवर मागे मोजणीची पट्टी आणि पुढे रजिस्टर बांधून आम्ही कालवे फिरलो. दूधवाले दोन्ही बाजूंना किटल्या लावून येझदीवर पाणंदीतून यायचे. जनावरांचे डॉक्टर, ग्रामसेवक, सोसायटीचे सचिव, सगळे टू-स्ट्रोकवर, आणि सगळे मातीतच. बूट नाहीत, गुडघ्याला पॅड नाहीत, हेल्मेट तर नाहीच. आज त्याला ऑफरोडिंग म्हणतात आणि त्याचे पैसे घेऊन क्लास लावतात. तेव्हा त्याला ड्युटी म्हणायचे आणि प्रवासभत्ता सहा महिन्यांनी निघायचा.

तर ही पोरांची गाडी नाही हो. पोरांनी ती आमच्याकडून घेतलीय.

आता त्या ओढ्याची गोष्ट. घरच्यांना पाठ झालीय, त्यांनी माफ करावं.

निवृत्तीला मुलाने मोटरसायकल भेट दिली. प्रेमाने दिली, त्याबद्दल एक अक्षर वाकडं बोलणार नाही. कंपनीचं नाव सांगत नाही, पण दोनशे किलोच्या आसपासचं धूड. दोन्ही बाजूंना लोखंडी पेट्या लावायची सोय, समोर काच, एबीएस, मोबाइल चार्ज करायला भोक. सगळ्यांनी कौतुक केलं, "आता लडाखला जा काका." मी गेलो परळी खोऱ्यात, सज्जनगडाच्या मागच्या अंगाला. पाऊस नुकताच उघडलेला. ओढ्यात गुडघाभर पाणी, खाली गोटे. पुढचं चाक एका गोट्यावरून घसरलं, मी पाय टेकवला, पाय खोल गेला, आणि गाडी माझ्या अंगावर आडवी. पाय वेळेत निघाला. गाडी निघेना.

हँडल धरून ओढली, पाठ लावून रेटली. कमरेत कळ आली तेव्हा थांबलो आणि एका धोंड्यावर बसलो. वरच्या बांधावर एक म्हातारी गवत कापत होती, तिचा नातू शेळ्या राखत होता. पोरगं पळत आलं, गाडीकडे बघितलं आणि म्हणालं, "ओ नाना, म्हस बसल्यावाणी बसलीया की वं ही." म्हातारी वरूनच ओरडली, "आरं, तू गाडी चालवतूस का गाडी तुला?" दोघांनी आणि मी मिळून ती म्हैस उठवली. म्हातारीच्या हाताला माझ्यापेक्षा जास्त जोर होता. पैसे काढले तर तिने विळा दाखवला.

त्या दिवसापासून आमच्या घरात त्या गाडीचं नाव म्हैस.

लोकांचा जो समज झालाय ना, की वय वाढलं की मोठी, जड, "स्टेबल" गाडी घ्यावी, तो शोरूममध्ये तयार झालाय. हमरस्त्यावर ठीक आहे. मातीत वय वाढलं की सगळ्यात आधी वजन उतरवायला हवं, स्वतःचं आणि गाडीचं. माझं फारसं उतरलं नाही, म्हणून गाडीचं उतरवलं. आरएक्स शंभर किलोच्या आसपास भरते. मागच्या महिन्यात पाणंदीतल्या चिखलात पडली. पडलीच, त्यात लपवायचं काय? हँडल धरलं, मांडी लावली, उभी केली, किक मारली, निघालो. बांधावर कुणी म्हातारी असती तरी तिला बोलायला वेळ मिळाला नसता.

टू-स्ट्रोकच का, हेही विचारतात. इंजिनच्या डोक्यावर व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, म्हणजे वजन कमी आणि भानगडीही कमी. क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट. फोर-स्ट्रोकला दोन फेऱ्यांत एक. म्हणून एवढ्याशा इंजिनातून ओढ निघते. खालच्या आरपीएमला ती बिचारी शांत असते, मग मध्येच कुठेतरी तिला जाग येते आणि पुढचं चाक हलकं होतं. ती जाग नेमकी कुठे येते हे मनगटाला कळायला लागलं की चढावर नुसतं अर्ध्या क्लचवर काम होतं. उतारावर मात्र उलटं. इंजिन मागे धरत नाही, थ्रॉटल सोडला तरी गाडी पळतच राहते, सगळं ब्रेकवर येतं. आणि ओढा ओलांडला की ड्रम ब्रेक भिजलेले, म्हणून थोडं अंतर ब्रेक हलका दाबून ते वाळवत जायचं. हे राजदूतवर शिकलेलं अजून हातात आहे. पासवर्ड विसरतो, हे विसरत नाही.

त्रास नाही का? आहे. हळू चालवली की प्लग शॉर्ट होतो. परवा चाळकेवाडीच्या पठारावर, पवनचक्क्यांच्या रस्त्यावर, धुक्यात गाडी बंद पडली. प्लग काढला तर काळा, ओला. रुमालाने पुसला, पॉलिश पेपरने टोक घासलं, पुन्हा बसवला, चौथ्या-पाचव्या किकला सुरू. वारा असा की पान्हा हातातून उडेल. मला सांगा, त्या एबीएसवाल्या म्हशीचा सेन्सर गेला असता तर काय घासलं असतं?

धुराचं म्हणाल तर, बरं, मान्य. टू-स्ट्रोकमध्ये जळालेला वायू बाहेर पडताना थोडं न जळालेलं पेट्रोलही सोबत घेऊन जातो आणि ऑइल तर जळतंच. 2000 सालचे प्रदूषणाचे नियम आले आणि या गाड्या एकेक करून गेल्या, ते योग्यच होतं. सगळं शहर आरएक्सवर फिरावं असं मी म्हणत नाही. पण माझी टाकी भरली की महिना निघतो, आणि मला बोलणारे गृहस्थ रोज दीड-दोन टनांची गाडी एकट्याला बसवून ऑफिसला नेतात. त्यांना कुणी काच खाली करून विचारत नाही. का? ती महाग आहे म्हणून. महाग गाडीचा धूर कुणाला दिसत नाही.

आणि खरा राग यायचाच असेल तर तो त्या रीलवाल्या पोरांवर यावा. सायलेन्सरमधली जाळी काढून रात्री अकराला गावातून फटफट करत जातात आणि सप्टेंबरात सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावर, फुलं आली की त्यातून गाडी घालून व्हिडिओ काढतात. अरे, जांभ्यावर बोटभर माती असते, त्यात ती फुलं येतात. कासच्या पठाराला 2012 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला तो काय तुमच्या टायरचे ठसे बघून? असल्या एकाला मी थांबवलं होतं, तर म्हणतो कसा, "काका, तुम्ही पण ऑफरोडच करता ना?" मी पाणंदीने जातो बाळा. कालव्याच्या रस्त्याने जातो, पवनचक्क्यांच्या रस्त्याने जातो. वनखात्याची पाटी दिसली की वळतो. शेतकऱ्याचं पीक उभं असेल तर उतरून ढकलत नेतो. शंभर किलोची आहे, ढकलता येते.

हे टाइप करता करता राग थोडा उतरलाय. हिने मागून चहा ठेवला आणि वाचून म्हणाली, "एवढं चिडण्यासारखं काय बोलला तो?" तिचंही बरोबर असेल. तिची भीती वेगळी आहे आणि ती मला कळते. साठीनंतर हाड मोडलं तर विशीतल्यासारखं जुळत नाही, डॉक्टरांनी हे माझ्यासमोरच तिला सांगितलंय. म्हणून घोट्याच्या वरपर्यंतचे बूट घेतले, गुडघ्याचे पॅड घेतले, एकटा जात नाही. गेलोच तर कुठल्या रस्त्याने जातोय ते कागदावर लिहून फ्रिजवर लावतो. आमच्या बॅचचा एक जण सोबत येतो. त्याला मधुमेह आहे, खिशात कायम गोळ्या आणि शेंगदाण्याची चिक्की. तो त्याच्या जुन्या शोगनवर, तीही टू-स्ट्रोकच. दोघं ठोसेघरच्या वर कुठेतरी थांबतो, चिक्की खातो, कुणाच्या गाडीचा आवाज खराब आहे यावर भांडतो. घरी मी दिवसभरात इतकं बोलत नाही.

मुलाला वाईट वाटलं होतं, म्हैस विकली तेव्हा. फोनवर म्हणाला, "बाबा, ती सेफ होती." मी त्याला ओढ्याची गोष्ट पुन्हा सांगितली. म्हातारीचं वाक्य ऐकून हसला, पण पटलं नाही. दिवाळीत आला तेव्हा त्याला मागे न बसवता गाडीच हातात दिली. पाणंदीच्या टोकापर्यंत गेला, येताना पुढच्या चढावर ती जाग त्याला सापडली, आवाजावरून मला इथे कळलं. आल्यावर म्हणाला, "ब्रेक काहीच नाहीत हिला." खरं आहे. पण गाडी परत द्यायला त्याला बराच वेळ लागला.

शोरूममध्ये असली गाडी मिळत नाही याचं वाईट वाटतं. चाकणला केटीएम बनतात, जगभर जातात, पण सगळ्या फोर-स्ट्रोक. बाहेरून आणलेल्या खऱ्या डर्ट बाइकला नंबर मिळत नाही, डोंगराच्या पायथ्यापर्यंत टेम्पोतून न्यायची, आणि किंमत ऐकून रक्तदाब. इटलीची बेटा कंपनी एक्सट्रेनर नावाची 300 सीसी टू-स्ट्रोक करते, वजन शंभर किलोच्या आसपास, सीट मुद्दाम बुटकी, ऑइल आपोआप मिसळतं, बटण दाबून सुरू होते. माझ्या वयाच्या माणसाला मापून शिवल्यासारखी. तिच्या चित्राकडे मी किती वेळ बघतो ते हिला माहीत आहे. असो.

कामाचं बोलतो. माझ्या गाडीचा ब्लॉक, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो तो सिलिंडर, आता आतून घासून पुढच्या साइजला बोअर करावा लागणार आहे आणि मिस्त्री म्हणतो, त्यानंतर त्याच्या भिंतीत मांस उरणार नाही. कुणाच्या माळ्यावर, गोठ्यात, मामाच्या जुन्या गॅरेजात आरएक्स 135 चा ओरिजनल ब्लॉक पडून असेल तर इनबॉक्समध्ये फोटो टाका. डुप्लिकेट नको, बाजारात ढिगाने आहेत. सातारा, कोरेगाव, वाई, कराडपर्यंत मी स्वतः येऊन घेऊन जाईन. आणि "या वयात" असं लिहिणाऱ्यांनी कमेंट करण्याआधी एकदा आपली गाडी आडवी पाडून उचलून बघावी.