गांधीलमाशीचं पोळं दिसलं की लगेच टेंभा पेटवू नका

बागेत गांधीलमाश्यांचं पोळं दिसलं की आपल्याकडे एकच उपाय सुचतो. काठीला चिंधी गुंडाळा, पेट्रोल ओता, जाळून टाका. माझा याला ठाम विरोध आहे. एकतर यात माणूस भाजतो आणि चवताळलेल्या माश्या भलत्यालाच डसतात. शिवाय बऱ्याचदा ते पोळं काढायची गरजच नसते.

आधी माशी कोणती ते लांबूनच पाहा. भिंतीवर मातीचं घर करणारी कुंभारीण एकटी राहते, अंगावर येत नाही. तिला हातही लावू नका. जास्वंदीच्या किंवा कढीपत्त्याच्या फांदीला देठावर लोंबणारं, खालून उघडं, राखाडी कागदासारखं पोळं असतं, ते लहान चणीच्या गांधीलमाश्यांचं. मात्र मोठी, काळी, पोटावर रुंद पिवळा पट्टा असलेली माशी झाडाच्या ढोलीत किंवा जमिनीतल्या बिळात ये-जा करताना दिसली, तर तिथे घरच्या माणसाने काहीही करायला जाऊ नये.

या लहान माश्यांकडे कधी शांतपणे बघितलंय? जुन्या लाकडी फाटकावर बसून त्या जबड्याने लाकूड खरवडतात. जवळ उभं राहिलं तर ती बारीक खरखर ऐकूसुद्धा येते. तो भुसा लाळेत कालवून पोळं बांधतात. लिंबाच्या, कढीपत्त्याच्या पानांवरून फिरत अळी शोधतात, चावून तिचा गोळा करतात आणि पिल्लांना भरवतात. अळ्यांसाठी आपण विकतचं औषध फवारतो, ते काम त्या फुकट करतात. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी यांच्यातल्याच एका जातीवर, रोपालिडिया मार्जिनाटावर, कित्येक दशकं अभ्यास केला. त्या जातीची राणी इतकी शांत असते की वागण्यावरून ती राणी आहे हे कळतच नाही. ती गेली की एक माशी एकदम आक्रमक होऊन तिची जागा घेते, आणि बाकीच्या मुकाट्याने तिला मानतात. हे सगळं आपल्या खिडकीच्या छज्जाखाली चालू असतं!

तरीही दारावर, नळाजवळ, झोपाळ्याजवळ, मुलांच्या वाटेवर पोळं असेल तर ते काढलंच पाहिजे. तिथे भूतदया नको. परदेशी व्हिडिओत सांगतात की हिवाळ्यापर्यंत थांबा, वसाहत आपोआप संपेल. आपल्याकडे तशी थंडी नसते. इथे पोळं वर्षभर नांदू शकतं. म्हणून नजर ठेवा. चार-दोन घरं आणि एखादीच माशी असेल तर ती उडून गेल्यावर लांब काठीने पाडा, काम संपलं. वाढलेलं पोळं मात्र पेस्ट कंट्रोलवाल्याकडून, सगळ्या माश्या परत आल्यावर, अंधारात काढून घ्या. शिडीवर चढून पराक्रम नको.

चावलीच तर तिथून आधी लांब व्हा. मधमाशीसारखी नांगी आत तुटून राहत नाही, त्यामुळे एकच माशी पुन्हापुन्हा डसू शकते. लोखंड घासणं, चुना लावणं यात वेळ घालवू नका. साबणाने धुवा, बर्फ लावा. पण अंगभर पित्त उठलं, ओठ-जीभ सुजली, धाप लागली किंवा घेरी आली, तर घरगुती उपाय बंद. १०८ला फोन करा, थेट हॉस्पिटल गाठा. अशा वेळी अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शनच जीव वाचवतं. खूप माश्या एकदम डसल्या असतील तर बरं वाटत असलं तरी दाखवा, विषाचा परिणाम मूत्रपिंडावर होऊ शकतो.

शेजारच्या काकूंचं म्हणणं, "असली ब्याद बागेत ठेवायचीच कशाला?" त्यांची नातवंडं आमच्या अंगणात खेळतात, त्यामुळे त्यांची काळजी रास्तच आहे. त्यांना मी दोन्ही पोळी दाखवली, मुलं कुठून पळतात तेही बघितलं. नळावरचं उद्या अंधार पडल्यावर काढायला माणूस येतोय. मागच्या कुंपणाजवळच्या कढीपत्त्यातलं राहणार, आणि मुलांना त्या बाजूला बॉल गेला तर मोठ्यांना हाक मारायला सांगितलंय.