हुबेहूब गायलंय म्हणजे भारी गायलंय असं नसतं हो

"ओरिजिनल ते ओरिजिनल" ही कॉमेंट वाचली की हल्ली डोक्यात जाते माझ्या. यूट्यूबवर कुठल्याही जुन्या गाण्याचं नवं व्हर्जन उघडा, खाली हे वाक्य असणारच, आणि त्याच्याच खाली दुसरं कुणीतरी, की वा, डोळे मिटून ऐकलं तर कळणारच नाही लताबाई नाहीत म्हणून. म्हणजे गाणाऱ्याने करायचं काय? वेगळं गायलं तर वाट लावली आणि तसंच गायलं तर शाब्बास. आणि तसंच गायलंय तर मी ते ऐकू कशाला, लताबाईंचं आहे की माझ्याकडे.

माझं म्हणणं साधं आहे, जरा भांडकुदळ वाटेल पण असू दे. हुबेहूब गाणं ही नक्कल, कितीही सुरेल असली तरी. कव्हर व्हर्जन, म्हणजे एकाचं गाणं दुसऱ्याने पुन्हा गायलेलं, मूळ गाण्याच्या पुढे जातं ते शब्द तेच राहून बोलणारं माणूस बदलतं तेव्हा. वय बदलतं, बाईच्या जागी पुरुष येतो किंवा पुरुषाच्या जागी बाई, परिस्थिती बदलते, आणि तीच ओळ भलतंच काहीतरी सांगायला लागते.

आता आपल्याकडे ही हुबेहूबची सवय कुठून आली तर माझ्या मते निम्मी कॅसेटमधून. ऐंशी-नव्वदच्या दशकात वाढलेल्यांना आठवत असेल, जुन्या हिंदी गाण्यांच्या मूळ रेकॉर्डिंगचे हक्क बहुतेक एचएमव्हीकडे, आणि बाजारात तीच गाणी नव्या गायकांच्या आवाजात स्वस्तात मिळायची. कॉपीराइट कायद्यात तशी सोयच होती, मूळ रेकॉर्डिंगला दोन वर्षं झाली की रॉयल्टी भरून तुम्ही तेच गाणं दुसऱ्या गायकाकडून गाऊन घेऊ शकत होता. सोनू निगम आधी घराघरात पोचला तो 'रफी की यादें' मधून. आमच्या घरी अशा कॅसेटींचा ढीग होता आणि बाबांची सगळ्यात मोठी दाद काय, तर "रफीसारखाच आहे की रे आवाज!" सारखाच. बस्स. ऑर्केस्ट्राच्या बोर्डांवरही तेच, व्हॉइस ऑफ मुकेश, व्हॉइस ऑफ किशोर, स्वतःचा व्हॉइस असलेला माणूस कुणाला नकोच होता. (ऑर्केस्ट्रावाल्यांना नावं ठेवत नाहीये हां, रात्र-रात्र उभं राहून गायचे बिचारे, आणि पब्लिकला तेच हवं असायचं.) गंमत म्हणजे २०१२ साली कायदा बदलला, दोन वर्षांची पाच वर्षं झाली, आणि वर स्पष्ट अट, की या सोयीखाली कव्हर करायचं असेल तर शब्दांत आणि चालीत तांत्रिक गरजेपलीकडे बदल नको. म्हणजे आपला कायदाही हुबेहूबच्याच बाजूचा!

अमेरिकेत १९०९ पासून कायद्याने असंच काहीसं आहे, एकदा गाणं रेकॉर्ड झालं की ठरलेली रॉयल्टी गाणं लिहिणाऱ्याला द्या आणि तुम्ही गा. पण तिथल्या लोकांनी त्याचं जे केलं ते वेगळंच.

ओटिस रेडिंग या अमेरिकन गायकाचं 'रिस्पेक्ट' घ्या. १९६५ चं गाणं, त्यानेच लिहिलेलं, त्यानेच गायलेलं. कामावरून थकून घरी येणारा नवरा म्हणतोय, बाई गं, मी पैसे आणून तुझ्या हातात देतो, घरी आल्यावर थोडा मान दे. चांगलं गाणं आहे, दणदणीत आहे, पण आशय तोच, आपल्या आजोबा-पणजोबांनी पण हेच म्हटलं असतं. दोन वर्षांनी, १९६७ च्या फेब्रुवारीत अरिथा फ्रँकलिन न्यूयॉर्कच्या स्टुडिओत हेच गाणं गाते आणि नुसतं बाईने गायल्यामुळे सगळं उलटं होतं. आता पैसे तिचे आहेत. ती विनवत नाहीये, सांगतेय. आर-ई-एस-पी-ई-सी-टी असं एकेक अक्षर सुटं करून नवऱ्याला स्पेलिंग शिकवतेय, हे ओटिसच्या गाण्यात कुठेच नाही, ते तिने घातलं. मागे कोरसला तिच्या सख्ख्या बहिणी, कॅरोलिन आणि अर्मा, आणि त्यांचं ते सॉक-इट-टू-मी चं टुमणं, ते ऐकताना कळतं की ही एकटी बाई भांडत नाहीये, अख्खं माहेर पाठीशी उभं आहे. मधे सॅक्सोफोनचा तुकडा आहे किंग कर्टिसचा, तोही मूळ गाण्यात नव्हता, त्याखालचे कॉर्ड्स चक्क दुसऱ्या एका गाण्यातून उचललेत. म्हणजे बदल केवढे! आणि तरी गाणं तेच आहे. जूनमध्ये मॉन्टेरीच्या फेस्टिवलमध्ये खुद्द ओटिसने हे गाणं सुरू करताना स्टेजवरून सांगितलं, की हे एका मुलीने माझ्याकडून पळवलं. हसत सांगितलं. त्याच डिसेंबरात विमान अपघातात गेला तो, सव्वीस वर्षांचा होता फक्त.

यातली एक गोष्ट मात्र मला फार खुपते. अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं वाजलं की पैसे ते लिहिणाऱ्याला मिळतात, गाणाऱ्याला नाही. म्हणजे अरिथाचं 'रिस्पेक्ट' रेडिओवर इतकी वर्षं वाजतंय आणि त्याचे पैसे जातात ओटिसच्या बाजूला. मान मागणाऱ्या गाण्याचं हे असं.

दुसरं उदाहरण सगळ्यांनी ऐकलेलं असेल, नसेल तर पोस्ट सोडा आणि आधी ते ऐका. 'हर्ट'. नाइन इंच नेल्स या बँडच्या ट्रेंट रेझ्नरने लिहिलं, १९९४ च्या अल्बममध्ये आलं, तेव्हा तो तिशीच्या आतला. स्वतःला इजा करून घेणारा, आतून पोखरलेला तरुण पोरगा बोलतोय, मागे ते घरघरणारे आवाज, मधेच सगळं फुटल्यासारखं. मला मूळ गाणंही आवडतं, उगाच खोटं कशाला बोलू. पण २००२ मध्ये सत्तरीचा कंट्री गायक जॉनी कॅश ते गिटार-पियानोवर गातो, तब्येत पार ढासळलेली, आवाज कापतोय, आणि त्याच ओळी, की मी माझ्या माणसांना गमावलं, जे उभारलं त्याची माती झाली, या ओळी त्या पोराच्या तोंडी भीतीसारख्या होत्या आणि इथे हिशेबासारख्या येतात. पोराला वाटत होतं की असं होईल. म्हाताऱ्याचं होऊन गेलंय! बदलला फक्त एक शब्द, मूळ गाण्यातला घाणेरडा मुकुट कॅशने काटेरी मुकुट केला, आणि आयुष्यभर चर्चची गाणी गाणाऱ्या माणसाच्या तोंडी तो कसा ऐकू येतो ते तुम्हीच बघा. व्हिडिओत त्याचं बंद पडलेलं, पडझड झालेलं म्युझियम दिसतं, आणि जिन्यावर उभी राहून त्याच्याकडे बघणारी बायको जून. २००३ च्या मे महिन्यात जून गेली, सप्टेंबरात तो. रेझ्नरला आधी हे कव्हर म्हणजे नसता उद्योग वाटत होता, व्हिडिओ बघितल्यावर तोच म्हणाला की गाणं आता माझं राहिलं नाही.

बॉब डिलनच्या 'ऑल अलाँग द वॉचटॉवर'चं नाव घेतल्याशिवाय अशी पोस्ट पूर्ण होत नाही म्हणे, म्हणून घेते. १९६७ चं शांत, तीन कडव्यांचं गाणं, पुढच्याच वर्षी जिमी हेंड्रिक्सने गिटारने पेटवलं, आणि नंतर खुद्द डिलन ते हेंड्रिक्सच्या वळणाने वाजवायला लागला. डिलनने स्टेजवर सगळ्यात जास्त वेळा गायलेलं गाणं आहे हे. गाणं लिहिणाराच कव्हरचं कव्हर करतोय, याहून मोठी पावती काय असते.

आता इथे शिव्या पडणार आहेत. व्हिटनी ह्यूस्टनचं 'आय विल ऑलवेज लव्ह यू' हे मोठं कव्हर आहे, सरस नाही. चौदा आठवडे एक नंबरवर होतं, सुरुवात बिनवाद्यांची, आणि शेवटच्या ध्रुवपदाआधी तो एक ड्रमचा ठोका आणि मग आवाज थेट छपरातून बाहेर, अंगावर काटा येतो, मान्य. पण डॉली पार्टनचं १९७४ चं ऐका कधी शांतपणे. तिने ते प्रियकरासाठी लिहिलेलंच नाही. पोर्टर वॅगनर नावाचा तिचा सिनियर, ज्याच्या टीव्ही शोमुळे ती नावारूपाला आली, त्याला सोडून स्वतंत्र व्हायचं होतं तिला आणि तो काही सोडत नव्हता. तर बाईने गाणं लिहून निरोप दिला. राजीनामाच म्हणा ना. त्यामुळे डॉलीचा आवाज कुठेही चढत नाही, मधे एक कडवं तर ती चक्क बोलते. भांडण न करता, उपकार विसरल्याचा डाग लागू न देता निघायचंय तिला, आणि असं निघणं किती अवघड असतं हे नोकरी सोडलेल्या कुणालाही विचारा. व्हिटनीच्या गाण्यात माणूस बदललं, पण बदलून जास्त ओळखीचं झालं, सिनेमातली प्रेयसी. मला डॉलीचं माणूस जास्त इंटरेस्टिंग वाटतं. (एल्विसला पण हे गाणं गायचं होतं, त्याच्या मॅनेजरने निम्मे हक्क मागितले, डॉलीने नाही सांगितलं. एल्विसला नाही! मग व्हिटनीचं आलं तेव्हा त्या नाहीचे किती पैसे झाले असतील.)

तर यावर कुणीतरी म्हणेल की हे सगळं तिकडचं, आपल्याकडे नाही चालत असं. कोण म्हणतं? आपलं नाट्यसंगीत काय आहे मग? एकेक पद चार पिढ्या गाताहेत. मानापमान नाटक १९११ चं, त्यातल्या नायकाची, धैर्यधराची पदं मास्टर दीनानाथांनी आपल्या आक्रमक ढंगात गायली, आणि आज कितीतरी लोकांच्या कानात धैर्यधर म्हणून दीनानाथच आहेत, ते काही या भूमिकेतले पहिले नव्हेत.

आणि कुमार गंधर्व. हा माणूस लहानपणी गाजला तो कशासाठी, तर मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्ड जशाच्या तशा गाऊन दाखवायचा म्हणून. हरकती, ताना, सगळं हुबेहूब. आजच्या रिअ‍ॅलिटी शोमध्ये असता तर परीक्षक उभेच राहिले असते खुर्चीवर. पुढे देवधर मास्तरांकडे शिकले, मग क्षयाने गाठलं, देवासला काही वर्षं अंथरुणावर, गाणं बंद, एक फुप्फुस जवळजवळ निकामी. आणि त्यानंतर १९६५ मध्ये हाच माणूस 'मला उमजलेले बालगंधर्व' घेऊन येतो. बालगंधर्व तेव्हा हयात होते आणि महाराष्ट्रभर त्यांची नक्कल करणारे पोत्याने होते, तोच लडिवाळपणा, तेच लांबवणं. नक्कल करायची तर कुमारांइतकी कुणालाच जमली नसती. त्यांनी केली नाही. छोट्या छोट्या तुकड्यांत, मधेच थांबत, सूर फेकून परत झेलल्यासारखे गायले. ऐकताना बालगंधर्व दिसतात, पण दुसऱ्या कुणाच्या तरी डोळ्यांतून. काही जुन्या लोकांना अजिबात रुचलं नाही ते. आमच्या एका नातेवाईकांनी तर अजून माफ केलेलं नाही, त्यांच्यासमोर विषय काढायची सोय नाही.

आणि 'कट्यार काळजात घुसली' विसरून कसं चालेल, १९६७ चं, म्हणजे अरिथाच्या 'रिस्पेक्ट'च्याच वर्षीचं. त्यात तर कव्हर व्हर्जन नाटकाच्या आतच आहे! 'घेई छंद मकरंद', शब्द तेच, आणि अभिषेकीबुवांनी चाली केल्या दोन. नाटकात दोन गवई एकमेकांसमोर उभे आहेत, त्यातली एक चाल पंडितजींच्या घराण्याची, ठाय, शांत. दुसरी खाँसाहेबांची, झडप घालणारी. दोन माणसांचे स्वभाव दोन चालींत उतरलेत, आणि पदातला भुंगा पण बदलतो हो, एकीकडे तो फुलापाशी रेंगाळतो, दुसरीकडे तुटून पडतो. वसंतराव देशपांड्यांनी ती दुसरी चाल अशी काही गायली की बहुतेकांना आता तीच आठवते. हल्लीच्या सिनेमात जुनी गाणी रिक्रिएट करणाऱ्यांनी हे एकदा ऐकावं असं फार वाटतं, कारण ते मुखडा ठेवतात, अंतरे फेकून देतात, मधे रॅप घुसवतात, ठेका बदलतात, सगळं बदलतात आणि तरी गाणं कोण म्हणतंय हा प्रश्न कुणाच्याच मनात येत नाही.

आणि मग राहुल देशपांडे, वसंतरावांचे नातू. आजोबांचीच गाणी, त्याच नाटकात, आणि मग २०१५ च्या सिनेमात खाँसाहेबांसाठी पुन्हा तीच. जरा वेगळं गायलं तर आजोबांचं वाटोळं केलं म्हणणारे आहेत, तसंच गायलं तर आजोबांच्या जिवावर म्हणणारे आहेत, आणि दोन्ही माणसं एकाच कार्यक्रमाला पुढच्या रांगेत बसलेली असतात. मला विचाराल तर सिनेमातलं त्यांचं गाणं सुंदर आहे पण जरा सांभाळून गायल्यासारखं, आणि मैफलीत तेच पद रंगात आल्यावर ते जिथे आजोबांची जागा येणार असं वाटत असताना ती चक्क सोडून देऊन भलतीकडे जातात ना, तिथे मी आपोआप "आहा" म्हणते आणि शेजारचे काका माझ्याकडे वळून बघतात, कारण त्यांना ती जागा हवी असते.