झाडावर चढूनच चढायला येतं

परवा लेकीने विचारलं, "आई, हा हिरो अजून लेव्हल टू का होत नाहीये?" या खेळात लेव्हल, म्हणजे पॉइंट साठले की हिरोने चढायची पायरी, अशी गोष्टच नाही, हे तिला काही केल्या पटेना. तिला सांगता सांगता इतकं आठवत गेलं की इथे लिहितेय.

कॉम्प्युटरवरचा हा खेळ सिएरा कंपनीचा, १९८९ सालचा 'हिरोज क्वेस्ट'. जवळपास त्याच नावाचा एक बोर्ड गेम निघाल्यामुळे पुढे त्याचं नाव 'क्वेस्ट फॉर ग्लोरी' झालं. लोरी आणि कोरी कोल या नवरा-बायकोने रचलेला. मी तो पहिल्यांदा पाहिला सदाशिव पेठेत, आतेभावाकडे. सोळा रंगांची चित्रं, आणि हिरोने काय करायचं ते इंग्रजीत टाइप करायचं. दादा खेळायचा, मी शेजारी डिक्शनरी घेऊन बसायची. माझं निम्मं इंग्रजी तिथलं आहे.

सुरुवातीला ठरवायचं: योद्धा, जादूगार की चोर. बाहेरून साधं कोड्यांचं साहस वाटतं, पण कोडं एक आणि उत्तरं तीन. गावाबाहेर औषधं देणारी एक बाई राहते, तिची अंगठी हरवलेली असते. ती असते दारासमोरच्या झाडावर, घरट्यात. कुणी दगड मारून घरटं पाडतो, कुणी झाडावर चढतो, कुणी मंत्राने ते खाली ओढून घेतो. तिघांनाही अंगठी मिळते आणि कुणाचंच उत्तर चुकीचं नसतं. एकाच पद्धतीने गणित सोडवलं तरच मार्क मिळणाऱ्या शाळेतून आलेल्या मला हे केवढं वाटलं होतं, काय सांगू.

आणि दगड नेम धरून लागत नसेल तर? मारत राहायचं. जे कराल तेच वाढतं. फेकून फेक सुधारते, चढून चढणं. किल्ल्यातला तबेला साफ केला तर पैसे मिळतात आणि ताकदही वाढते. दम संपल्यावरही रेटत राहिलात तर मात्र जिवावर बेततं, मग खा, झोपा. दादा म्हणायचा, पर्वती रोज चढणाऱ्याला कळेल हा खेळ.

आजच्या बऱ्याच खेळांत राक्षस मारून पॉइंट मिळतात आणि ते पॉइंट कुलूप उघडण्याच्या कौशल्यावर खर्च करता येतात. मला हे मुळातच खोटं वाटतं. तलवार चालवून कुलूप उघडायला कसं येईल? एक मैत्रीण म्हणते, तेच तेच पन्नासदा करणं कंटाळवाणं आहे. असेल. पण तबल्याचा एकच कायदा महिनाभर वाजवणाऱ्या मुलाला आपण कंटाळवाणा म्हणत नाही. शिवाय इथे कमावलेलं वाया जात नाही. एक भाग संपला की तोच हिरो, त्याच्या सगळ्या आकड्यांसकट, पुढच्या भागात नेता येतो. असे पाच भाग, शेवटचा १९९८ चा.

१९९२ मध्ये पहिल्या भागाची माउसवाली आवृत्ती आली. चित्रं फार देखणी आहेत. तरी मी लेकीला टाइप करायचीच दिली, कारण क्लिक करताना शब्द शोधावा लागत नाही. गॉग या खेळ विकणाऱ्या वेबसाइटवर पाचही भाग एकत्र मिळतात, ही टाइप करायची जुनी आवृत्तीसुद्धा.

तिने चोर निवडलाय. काल जेवायला तीनदा हाक मारली. आतून आवाज आला, "आई, अजून फक्त दहा दगड!"